दोन सामने नव्हे, एकशे ऐंशी मिनिटं: कोपा लिबेर्तादोरेसची बाद फेरी समजून घेताना

२९ नोव्हेंबर २०२५ ला पेरूची राजधानी लिमा इथं ब्राझीलच्या फ्लामेंगोनं ब्राझीलच्याच पाल्मेरासला १–० असं हरवलं आणि दक्षिण अमेरिकेतली क्लब फुटबॉलची सर्वात मोठी स्पर्धा, कोपा लिबेर्तादोरेस, चौथ्यांदा जिंकली. दानिलोनं ६७व्या मिनिटाला हेडर मारला, तोच एकमेव गोल. पण हा चषक खरं तर दोन महिने आधीच फ्लामेंगोच्या हातून निसटायचा होता. सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेसविरुद्ध ते घरी २–१ जिंकले आणि ला प्लाता शहरात ०–१ हरले. परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन देणारा २०२१ पर्यंतचा नियम लागू असता तर त्याच रात्री त्यांचं सामान बांधून झालं असतं. तो नियम रद्द झाला होता, म्हणून शूटआउट (पेनल्टी फटक्यांवर निकाल) झाला, फ्लामेंगो ४–२ जिंकले आणि पुढे चालू लागले.

एक सामना जिंकला, एक हरला, दोन्ही एकेका गोलानं. मग कोण पुढे, आणि कशाच्या जोरावर? युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची सवय असलेल्या प्रेक्षकालाही इथं ठेच लागते, कारण दिसायला सारखी असली तरी लिबेर्तादोरेसची बाद फेरी दोन-तीन महत्त्वाच्या ठिकाणी वेगळी आहे.

## सोळा संघ येतात कुठून?

दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलचा कारभार कॉन्मेबॉल ही संघटना पाहते. तिचं मुख्यालय पॅराग्वेतल्या लुके इथं आहे आणि सदस्य देश दहा आहेत. या दहा देशांतले ४७ क्लब दरवर्षी लिबेर्तादोरेसमध्ये उतरतात. त्यातले २८ थेट साखळी फेरीत जातात. उरलेले १९ पात्रता फेऱ्यांच्या तीन चाळण्यांतून जातात आणि त्यातून फक्त चार वर येतात. मग ३२ संघांचे आठ गट होतात. प्रत्येक गटातले पहिले दोन बाद फेरीत, तिसरा कोपा सुदामेरिकाना या दुय्यम स्पर्धेत आणि चौथा घरी.

बाद फेरी म्हणजे जिथं हरलं की संपलं. तिचे टप्पे आपल्या ओळखीचेच आहेत: उपउपांत्यपूर्व फेरी (१६ संघ), उपांत्यपूर्व (८), उपांत्य (४) आणि अंतिम सामना. सोडत निघते तेव्हा एका भांड्यात आठ गटविजेते असतात आणि दुसऱ्यात आठ उपविजेते. एकाची चिठ्ठी दुसऱ्याशी जुळते. एकाच देशाचे क्लब समोरासमोर आले तरी चालतं, इतकंच काय, गटात आधी दोनदा भिडलेले संघ पुन्हा एकत्र आले तरी कुणी अडवत नाही. या एकाच सोडतीत अंतिम फेरीपर्यंतचा रस्ता आखून होतो. पुढे कोणाची गाठ कोणाशी पडू शकते हे त्याच दिवशी कळतं.

सोडतीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गट फेरीतल्या कामगिरीवरून ठरणारा १ ते १६ हा क्रम. गटविजेते १ ते ८, उपविजेते ९ ते १६. उपांत्य फेरीपर्यंत प्रत्येक वेळी वरच्या क्रमांकाच्या संघाला दुसरा सामना घरी खेळायला मिळतो. म्हणून गटाच्या शेवटच्या दिवशी, आधीच पात्र ठरलेले संघही जिवाच्या आकांतानं तिसरा गोल शोधताना दिसतात. ते एप्रिल-मेमध्ये जमवलेली पुंजी ऑक्टोबरमध्ये वापरणार असतात.

## दोन सामने नव्हेत, दोन डाव

अंतिम सामना सोडला तर प्रत्येक जोडी दोनदा खेळते, एकदा याच्या मैदानावर, एकदा त्याच्या. दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजतात. ज्याची बेरीज जास्त तो पुढे. दोन्ही सामन्यांत कोण ‘जिंकलं’ याला स्वतंत्र किंमत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. कसोटीत पहिला डाव आणि दुसरा डाव वेगवेगळे खेळले जातात, पण निकाल एकच असतो. पहिल्या डावात दीडशेची पिछाडी पडली तर कर्णधार दुसऱ्या डावात ‘सामना जिंकू’ असं म्हणत नाही, आधी दीडशे फेडू म्हणतो. इथंही तसंच. पहिल्या सामन्यानंतर मध्यंतर होतं, ते आठवडाभराचं असतं एवढाच फरक. नव्वदाव्या मिनिटाला शिट्टी वाजते तेव्हा निम्मा सामना झालेला असतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळशा विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. परक्या मैदानावर ०–१ नं मागे असलेला संघ शेवटच्या वीस मिनिटांत गोल करायला धावत सुटत नाही, उलट एक बचावपटू वाढवतो. समालोचक वैतागतात, पण हिशेब साधा आहे. एका गोलाची पिछाडी घरी फेडता येते. बरोबरीच्या नादात दुसरा गोल खाल्ला तर दोन फेडावे लागतात, आणि दोन फेडण्यासाठी माणसं पुढे ढकलली की मागे मैदान मोकळं पडतं. उलट बाजूनं, घरी ३–० नं पुढे असलेला संघ चौथ्या गोलासाठी धडपडतो तेव्हा तो हावरटपणा करत नसतो.

पाल्मेरासनं हेच २०२५ च्या उपांत्य फेरीत दाखवून दिलं. इक्वेडोरमध्ये एलडीयू किटोनं त्यांना पहिल्या सामन्यात ०–३ असं लोळवलं. आठवड्यानं साओ पाउलोमध्ये पाल्मेरास ४–० नं जिंकले, एकूण ४–३. किटोच्या संघाला त्या पहिल्या रात्री चौथा गोल मिळाला असता तर प्रकरण शूटआउटवर गेलं असतं. याउलट २०१४ मध्ये सान लोरेन्सोनं बोलिव्हियाच्या बोलिव्हारला घरी ५–० हरवलं, मग ला पाझला जाऊन ०–१ हरले, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पहिल्या सामन्यातलं लाल कार्डही असंच दुहेरी महाग पडतं. उरलेल्या वेळात दहा जणांनी खेळायचं आणि तो खेळाडू दुसऱ्या सामन्यात नाहीच.

## अवे गोल: तो कुठं गेला?

बेरीज सारखी झाली तर काय? पूर्वी इथं ‘अवे गोल’चा नियम येत असे: बरोबरी असेल तर परक्या मैदानावर ज्यानं जास्त गोल केले तो पुढे.

रणजी करंडकाचा अनिर्णित अंतिम सामना आठवा. २०२४–२५ मध्ये विदर्भ आणि केरळ यांचा नागपूरचा सामना निकालाविना संपला, पण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी असल्यानं विदर्भ विजेता ठरला. ती आघाडी म्हणजे सामना जिंकणं नव्हे. मुख्य हिशेब सुटला नाही तर वापरायचा तो दुसरा काटा. अवे गोल हा असाच दुसरा काटा होता.

कॉन्मेबॉलनं २०२१ च्या अखेरीस तो काढून टाकला आणि २०२२ पासून प्रत्येक गोलाला सारखीच किंमत आली. त्याआधीचा शेवटचा मोठा लाभार्थी पुन्हा पाल्मेरासच. २०२१ च्या उपांत्य फेरीत आत्लेतिको मिनेइरोशी त्यांची घरी ०–० आणि बाहेर १–१ अशी बरोबरी झाली. बेलो होरिझोंतेमधल्या त्या एका गोलावर ते अंतिम फेरीत गेले आणि पुढे चषकही जिंकले.

आता उलटा प्रयोग करून पाहू. जुना नियम नव्या निकालांना लावला तर काय होतं?

अर्जेंटिनाचे बोका जुनियर्स २०२३ मध्ये अंतिम फेरीत पोहोचले. पहिल्याच बाद फेरीत उरुग्वेच्या नासिओनालशी त्यांचा सामना मॉन्टेव्हिडिओत ०–० आणि घरी ला बोम्बोनेरावर २–२ असा सुटला. नासिओनालचे दोन अवे गोल, बोकाचा एकही नाही. जुन्या नियमानं बोका ऑगस्टमध्येच बाहेर.

ब्राझीलचे बोताफोगो २०२४ चे विजेते. उपांत्यपूर्व फेरीत साओ पाउलो क्लबशी घरी ०–०, बाहेर १–१, मग शूटआउट ५–४. जुन्या नियमानं शूटआउटचा घोर लागलाच नसता, ते सरळ पुढे गेले असते.

आणि फ्लामेंगो २०२५. एस्तुदियांतेसनं माराकाना स्टेडियमवर सामना संपता संपता एक गोल केला होता, तर फ्लामेंगोला ला प्लातात खातं उघडता आलं नाही. बेरीज २–२. जुन्या नियमानं एस्तुदियांतेस पुढे.

तीन वर्षांत तीन संघ, आणि त्यातल्या दोघांचं नशीब एका कलमानं बदललं.

## नियम काढल्यानं खेळ बचावात्मक झाला नाही का?

ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती पूर्ण चुकीची नाही. अवे गोल होता तेव्हा पाहुण्या संघाला पुढे येऊन खेळण्याचं आमिष होतं. ते गेलं.

पण नाण्याला दुसरी बाजू होती. त्याच नियमामुळे यजमान संघ पहिल्या सामन्यात घाबरून खेळायचा. घरी १–१ म्हणजे जवळजवळ पराभवच, म्हणून मग ०–० वर समाधान. गोल करण्यापेक्षा तो न खाण्याला भाव आला होता. शिवाय दुसऱ्या सामन्यात पाहुण्यांनी एक गोल केला की यजमानांवर एकाऐवजी दोनाचं ओझं पडायचं, आणि विसाव्या मिनिटालाच अर्ध्या स्टेडियमची आशा मावळायची. माझं मत विचाराल तर काढला ते बरं झालं. सामना जिवंत राहण्याचा काळ वाढला. बोकाची २०२३ ची वाटचाल बघवत नव्हती हे मात्र खरं, त्याबद्दल पुढे.

## मग दुसरा सामना घरी मिळण्याचा फायदा नेमका काय?

मुख्य फायदा माहितीचा. किती हवं आहे हे माहीत असताना खेळणं. एकदिवसीय क्रिकेटमध्ये पाठलाग करणाऱ्याला षटकागणिक गणित मांडता येतं तसं. दुसरा फायदा शूटआउटचा: तो झाला तर आपल्या मैदानावर आणि आपल्या गर्दीसमोर होतो.

पण या फायद्याला फार डोक्यावर घेऊ नये. २०२४ मध्ये बोताफोगो गटात दुसरे आले होते. त्यामुळे पाल्मेरास, साओ पाउलो आणि पेन्यारोल या तिघांविरुद्ध त्यांचा दुसरा सामना बाहेर होता. ते तिन्ही वेळा तरले. २०२५ मध्ये फ्लामेंगोही गटात दुसरेच, आणि इंतेरनासिओनाल, एस्तुदियांतेस, रासिंग या तिघांशी त्यांनीही दुसरा सामना परक्या मैदानावर खेळला. लागोपाठ दोन विजेते ‘वाईट’ बाजूनं आले.

यात युक्ती असेल तर ती पहिल्याच रात्री घरच्या मैदानावर मोठी आघाडी घेण्याची. बोताफोगोनं उपांत्य फेरीत पेन्यारोलला घरी ५–० झोडपलं, पाचही गोल उत्तरार्धातले. मॉन्टेव्हिडिओत ते १–३ हरले, पण तोवर पेन्यारोलसाठी ती औपचारिकताच उरली होती.

## जादा वेळ का नाही?

युरोपात बेरीज सारखी झाली की १५-१५ मिनिटांचे दोन भाग जादा खेळवतात आणि मगच पेनल्टी. लिबेर्तादोरेसमध्ये उपांत्य फेरीपर्यंत जादा वेळच नाही. दुसऱ्या सामन्याचं ९०वं मिनिट आणि त्यापुढचा भरपाई वेळ संपला की थेट शूटआउट. नवख्या प्रेक्षकाची सर्वात मोठी फसगत इथंच होते. तो आणखी अर्ध्या तासाच्या तयारीनं चहा टाकायला उठतो आणि परत येतो तेव्हा खेळाडू मध्यरेषेवर खांद्यावर हात टाकून उभे असतात.

या व्यवस्थेचे फायदे तिथलं वेळापत्रक पाहिलं की कळतात. ब्राझीलच्या क्लबला राष्ट्रीय लीगचे ३८ सामने, राज्याची स्पर्धा, शिवाय ब्राझील चषक आणि वर लिबेर्तादोरेस. अंतरं अशी की ब्राझीलच्या पोर्तु आलेग्रेहून व्हेनेझुएलातल्या काराकासला जायचं तर हवाई मार्गानं साडेचार हजार किलोमीटरहून जास्त, मुंबई–श्रीनगरच्या पावणेतीन पट. बुधवारी रात्री तिकडे आणि रविवारी इकडे लीगचा सामना. त्यात अर्धा तास वाढवला तर तो खेळाडूंच्या पायांतून वसूल होतो.

याचा परिणाम शेवटच्या दहा मिनिटांत डोळ्यांना दिसतो. समजा ८०वं मिनिट आहे आणि बेरीज १–१. एका संघात सामना अजून संपवता येईल असं वाटणारे आहेत, दुसऱ्यात दहा मिनिटं तग धरू म्हणणारे. दुसऱ्या संघाचा गोलरक्षक प्रत्येक गोलकिक आधी एका कोपऱ्यात ठेवतो, मग विचार बदलून दुसऱ्यात. थ्रो घेणारा चेंडू पुसत बसतो. बदली खेळाडू पाच घेता येतात, पण मध्यंतर सोडलं तर त्यासाठी सामना फक्त तीनदा थांबवता येतो. म्हणून हुशार प्रशिक्षक एक खिडकी राखून ठेवतो आणि ८८व्या मिनिटाला पेनल्टी मारणारे दोन भरवशाचे पाय आत आणतो. हे विसरलेला प्रशिक्षक ८९व्या मिनिटाला राखीव बाकाकडे नुसता पाहत राहतो, कारण शूटआउट सुरू झाल्यावर बाहेरच्याला आत आणता येत नाही. तेव्हाची एकमेव सूट म्हणजे गोलरक्षक जायबंदी झाला तर.

## पेनल्टी म्हणजे मटका, नाही का?

नाही. नशीब आहेच, पण तेवढंच नाही.

आधी नियम. दोनदा नाणं उडवतात, एकदा कुठल्या गोलवर मारायचं यासाठी आणि एकदा पहिलं कोण मारणार यासाठी. सामना संपताना मैदानात होते तेच खेळाडू मारू शकतात. लाल कार्ड मिळून एका संघात दहाच उरले असतील तर दुसऱ्यालाही एक खेळाडू वगळावा लागतो. ११ मीटरवरून प्रत्येकी पाच. बरोबरी राहिली तर पुढे एक-एक, आणि ज्या फेरीत एकाचा गेला आणि दुसऱ्याचा अडला तिथं निकाल. चेंडू मारेपर्यंत गोलरक्षकाच्या एका पायाचा तरी काही भाग गोलरेषेवर, हवेत असल्यास बरोबर तिच्या रेषेत किंवा तिच्या मागे असायला हवा. दोन्ही पाय रेषेपुढे गेले आणि त्यानं चेंडू अडवला तर फटका पुन्हा मारायला लावतात. व्हिडिओ पंच हे तपासतात, त्यामुळे पूर्वीसारखं दोन पावलं पुढे सरकून वाचवणं आता चालत नाही.

मटका नाही, याचा पुरावा म्हणजे बोकाची २०२३ ची ती वाटचाल. नासिओनालशी ०–० आणि २–२. उपांत्यपूर्व फेरीत रासिंगशी ०–० आणि ०–०. उपांत्य फेरीत पाल्मेरासशी ०–० आणि १–१. सहा सामने, एकही विजय नाही, एकही पराभव नाही. तीन शूटआउट: ४–२, ४–१, ४–२. तिन्ही बोकानं जिंकले, सेर्जिओ रोमेरो गोलमध्ये उभा असताना. बाद फेरीतला एकही सामना न जिंकता संघ अंतिम फेरीत!

मटक्यात सलग तीनदा आकडा लागत नाही असं नाही, पण बोका तिकडे बेत करून जात होते. रोमेरोसारखा पेनल्टी वाचवणारा गोलरक्षक हाताशी असेल आणि जादा वेळ नसेल, तर ०–० हा निकाल तुमच्या बाजूनं झुकलेला असतो. समोरच्याला तो टाळण्यासाठी धोका पत्करावा लागतो, तुम्हाला नाही. प्रतिस्पर्ध्यांचे नेहमीचे फटके आधी पाहून ठेवलेले असतात. कोण धावत येताना थबकतो, कोण दडपणाखाली आपल्या सवयीच्या कोपऱ्यात मारतो याची टिपणं गोलरक्षकाच्या पाण्याच्या बाटलीवर किंवा टॉवेलमध्ये सापडतात. पाहणाऱ्याला रटाळ, पण मूर्खपणा अजिबात नाही.

## आणि ती हवा?

लिबेर्तादोरेसबद्दल बोलताना उंचीचा विषय टाळता येत नाही. ला पाझ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे, किटो सुमारे २,८५० मीटरवर, बोगोटा २,६०० च्या आसपास. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेहला (साधारण ३,५०० मीटर) विमानानं उतरलेल्या पर्यटकाला पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायला सांगतात, जिने सावकाश चढा म्हणतात. ला पाझमध्ये उतरलेल्या फुटबॉलपटूला त्याच हवेत नव्वद मिनिटं धावायचं असतं.

हवेचा दाब तिथं समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांश कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. एकदा वेगानं धावल्यावर पुन्हा धावण्याइतका दम भरायला जास्त वेळ लागतो. म्हणून पाहुणे पूर्वार्धात ठीक दिसतात आणि साठाव्या मिनिटानंतर त्यांच्या रांगांमधलं अंतर वाढत जातं. मधल्या फळीतला खेळाडू पुढे जातो, पण परत यायला उशीर करतो, आणि गोल तिथूनच होतात.

चेंडूही वेगळा वागतो. विरळ हवेत अडथळा कमी, त्यामुळे तो जोरात जातो आणि वळतो कमी. समुद्रकाठच्या गोलरक्षकाचा अंदाज हातभर चुकतो. लांबून मारलेला फटका त्याला वाटतो त्याआधीच येऊन पोहोचतो. यजमानांना हे ठाऊक असतं, म्हणून ते तीस मीटरवरूनही बिनदिक्कत मारतात.

यावर उपाय दोनच, आणि दोन्ही अर्धवट. शरीराला नव्या उंचीची नीट सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढी सवड कुणाला? म्हणून बहुतेक क्लब उलटं करतात. बोलिव्हियात खेळायचं तर सखल भागातल्या सांता क्रूझला मुक्काम, इक्वेडोरमध्ये समुद्राजवळच्या ग्वायाकिलला, आणि सामन्याच्या काही तास आधीच वर चढायचं. डोकेदुखी, मळमळ पूर्ण जोरात सुरू व्हायच्या आत खेळून उतरायचं. दम मात्र लागतोच, त्याला पळवाट नाही.

हा अन्याय आहे अशी ओरड जुनी आहे. फिफानं २००७ मध्ये २,५०० मीटरवरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना मनाई केली होती, बोलिव्हियासह अनेक देश खवळले, आणि वर्षभरात ती मागे पडली. माणसं जिथं राहतात तिथंच खेळणार, हा युक्तिवाद खोडणं अवघड आहे. आणि नुसती उंची चषक देत असती तर बोलिव्हियाचा एखादा क्लब आजवर अंतिम फेरीत तरी दिसला असता. एकही दिसलेला नाही. डोंगरावर कमावलेलं आठवड्यानं खाली येऊन टिकवावंही लागतं, आणि दोन डावांच्या सामन्यात ते जमत नाही. किटोच्या ३–० चं काय झालं ते वर आलंच आहे. एलडीयूनं २००८ मध्ये चषक जिंकला खरा, पण तोसुद्धा रिओत, माराकानावर, फ्लुमिनेन्सेविरुद्धच्या शूटआउटमध्ये.

## अंतिम सामन्याचं गणित निराळं

२०१९ पासून अंतिम सामना एकच असतो, आधीच ठरवलेल्या शहरात. इथं मात्र जादा वेळ आहे आणि नंतरच पेनल्टी. २०२१ आणि २०२३ चे अंतिम सामने जादा वेळेत सुटले. एकाच सामन्याची पद्धत आल्यापासून २०२५ पर्यंतच्या सातपैकी एकही शूटआउटपर्यंत गेला नाही.

मैदान ‘तटस्थ’ म्हणायचं ते कागदावरच. २०२३ चा अंतिम सामना माराकानावर ठरला होता आणि तिथं पोहोचला कोण, तर फ्लुमिनेन्से, ज्यांचं ते घरचंच मैदान. बोकाला त्यांनी २–१ हरवलं.

दोन सामन्यांचा अंतिम मुकाबला बंद केल्याचं दुःख अनेकांना आहे. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारा तो आठवडा हीच या स्पर्धेची ओळख होती, आणि आता सामान्य पाठीराख्याला खंडभर विमानप्रवास परवडत नाही. हे दुःख खरं आहे. पण दोन सामन्यांची शेवटची आवृत्ती कशी संपली हेही लक्षात ठेवावं. २०१८ मध्ये बोका आणि रिव्हर प्लेट, दोघेही ब्युनोस आयर्सचे. पहिला सामना २–२. दुसऱ्यासाठी निघालेल्या बोकाच्या बसवर हल्ला झाला, खेळाडू जखमी झाले, आणि सामना शेवटी ९ डिसेंबरला थेट स्पेनमध्ये, माद्रिदला खेळवावा लागला. रिव्हर तो जादा वेळेत ३–१ जिंकले.

त्याहून मागे गेलं तर आणखी एक पद्धत सापडते. १९८० च्या दशकापर्यंत अंतिम फेरीत गोलांची बेरीज आधी बघतच नसत. दोघांनी एकेक सामना जिंकला की तिसरा सामना त्रयस्थ देशात. १९८१ मध्ये फ्लामेंगो आणि चिलीचा कोब्रेलोआ असेच मॉन्टेव्हिडिओला गेले आणि फ्लामेंगो २–० जिंकले. दोन्ही गोल झिकोचे. तोच झिको, जो २०१४ ते २०१६ एफसी गोवाचा प्रशिक्षक होता आणि फातोर्ड्याच्या मैदानाला चांगला परिचयाचा झाला.

१९८७ ची गंमत तर याहून मोठी. कोलंबियाच्या आमेरिका दे कालीनं पेन्यारोलला २–० हरवलं, मग १–२ हरले. आजच्या हिशेबानं ३–२, आमेरिका विजेते. तेव्हाच्या हिशेबानं तिसरा सामना सांतियागोत. तिथं बरोबरी झाली असती तरी गोलफरकावर चषक कालीलाच जाणार होता. जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला दिएगो आगिरेनं गोल केला आणि चषक मॉन्टेव्हिडिओला गेला. आमेरिका दे कालीचा तो सलग तिसरा अंतिम पराभव. लिबेर्तादोरेस त्यांना अजूनही जिंकता आलेली नाही.

## नेहमी ब्राझीलच का जिंकतं?

‘नेहमी’ नाही, पण २०१९ ते २०२५ सलग सात वर्षं, हो. या सातामुळे ब्राझीलचे एकूण चषक २५ झाले आणि अर्जेंटिनाशी बरोबरी साधली गेली. कारण मुख्यतः पैसा. ब्राझीलच्या क्लबांचं प्रक्षेपण आणि प्रायोजकांचं उत्पन्न शेजाऱ्यांच्या कैक पट आहे, त्यामुळे अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबियातले चांगले खेळाडू तेच उचलतात आणि युरोपातून परतणारेही तिकडेच जातात. बक्षिसाची रक्कम हा फरक आणखी वाढवते. २०२५ च्या अंतिम सामन्यात विजेत्याला २ कोटी ४० लाख डॉलर होते आणि उपविजेत्याला ७० लाख.

बाद फेरीला याचा एक खास फटका बसतो. गट फेरी जूनआधी संपते, बाद फेरी ऑगस्टमध्ये सुरू होते, आणि मधल्या काळात युरोपचा बाजार उघडतो. २०२५ च्या गट फेरीत पाल्मेराससाठी चमकलेला एस्तेव्हाओ बाद फेरीच्या वेळी चेल्सीत होता. म्हणून सोडतीच्या दिवशी केलेली भाकितं ऑगस्टमध्ये पुन्हा तपासून घ्यावीत. नावं तीच असतात, संघ तोच असेलच असं नाही. श्रीमंत क्लब ही जागा लगेच भरतात, क्लबांना नोंदणीची यादी त्या वेळी बदलताही येते. गरीब क्लबाला गेलेल्या खेळाडूची किंमत मिळते, खेळाडू मिळत नाही.

## पहाटे बघायचं असेल तर

ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, तर पेरू, इक्वेडोर आणि कोलंबिया साडेदहा तास मागे. रिओतला रात्री ७ चा सामना आपल्याकडे पहाटे साडेतीनला, आणि साडेनऊचा सकाळी सहाला. म्हणजे तिकडची बुधवार रात्र ही आपली गुरुवार सकाळ. दिनदर्शिकेवर खूण करताना पुढच्या दिवसावर करा, बरेच जण इथंच चुकतात.

पडद्यावर सामन्याच्या गोलसंख्येजवळ लहान अक्षरांत दुसरी एक जोडी दिसते, स्पॅनिश प्रक्षेपणात ‘ग्लोबाल’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘अग्रेगादो’ या शब्दाशेजारी. ती दोन्ही सामन्यांची बेरीज. दुसऱ्या सामन्यात डोळा तिच्यावर ठेवायचा, मोठ्या आकड्यावर नाही. ती जोडी सारखी असेल आणि घड्याळात ८५ वाजले असतील, तर चहा आत्ताच करून घ्या.